मोटारीचे वंगणतेल : खनिज की संश्लेषित?

मोटारीसाठी वंगणतेल घेण्यास दुकानात गेले असता दुकानदार बहुधा दोन प्रकारचे डबे पुढे ठेवतो. एक साध्या खनिज तेलाचा. दुसरा त्याहून बराच महाग, ज्यावर ‘सिंथेटिक’ म्हणजे संश्लेषित असे छापलेले असते. महाग ते उत्तम, असे समजून एखादा दुसरा डबा उचलतो. तेल ते तेल, असे म्हणून दुसरा एखादा पहिल्यावरच समाधान मानतो. दोघांचाही निर्णय अंदाजाने झालेला असतो. डब्यांच्या किमतीतील फरक काहीशे रुपयांचा असतो. परंतु झिजलेले इंजिन दुरुस्त करावयाचे तर रिक्षा किंवा टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्या माणसाची कित्येक महिन्यांची बचत त्यात खर्ची पडते. यास्तव हा निर्णय समजून घेतलेला बरा.

तेलाचा पातळ थर

१८८३ साली बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगला वरच्या बाजूस पाडलेल्या छिद्रातून तेल उसळू लागले, म्हणून त्याने तेथे बूच बसविले. आस फिरू लागताच बूच बाहेर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही टिकली नाही. यावरून दिसून आले की, फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो आणि त्या तेलात एवढा दाब उत्पन्न होतो की, सर्व भार तेलाचा थरच तोलून धरतो. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी या घटनेचे गणित मांडले.

मोटारीच्या इंजिनातही हेच घडते. क्रँकशाफ्ट व तिचे बेअरिंग या दोन धातूंमध्ये तेलाचा पातळ थर असतो, तोवर ते एकमेकांस घासत नाहीत. हा थर टिकणे भार, वेग व तेलाची श्यानता यांवर अवलंबून असते. श्यानता म्हणजे वाहण्यास द्रवाकडूनच होणारा विरोध. मधाची श्यानता पाण्याहून पुष्कळ अधिक असते. तेल फार पातळ असेल तर थर तुटतो. फार दाट असेल तर ते वेळेवर सर्वत्र पोचत नाही व शक्ती वाया जाते. तेव्हा तेल कोणत्या कुळातले, यापेक्षा त्याची श्यानता योग्य आहे काय, हा प्रश्न अगोदर विचारावयास हवा.

डब्यावरील आकडे

चुलीवर पातळ असणारा साखरेचा पाक निवाला की दाट होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तेलाचेही तसेच आहे. ३० क्रमांकाच्या साध्या खनिज तेलाची श्यानता ४० अंश सेल्सियसवर जेवढी असते, तिच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढीच १०० अंशांवर उरते. हा फरक मोजण्यासाठी डीन व डेव्हिस यांनी १९२९ मध्ये ‘श्यानता निर्देशांक’ सुचविला. निर्देशांक जितका अधिक, तितका उष्णतेने होणारा फरक कमी.

‘१०डब्ल्यू-३०’ या खुणेचा अर्थ आता लागेल. डब्ल्यू हे इंग्रजीतील हिवाळावाचक शब्दाचे आद्याक्षर. त्यापूर्वीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो व तो जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा १०० अंशांवरील श्यानतेची श्रेणी दाखवितो; तो तापमानाचा आकडा नव्हे. गार इंजिन फिरविता येते की नाही, याची कसोटी २०डब्ल्यू तेलासाठी उणे १५ अंशांवर, १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांवर आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर घेतात. लेहमध्ये हिवाळ्यातील रात्री पारा उणे १५च्याही खाली उतरतो. मुंबईस अशी थंडी कधीच पडत नाही. म्हणून एकच डबा दोन्ही ठिकाणी सारखाच योग्य ठरेल असे नाही.

दोन कुळे

खनिज तेल जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलाचे ऊर्ध्वपातन व शुद्धीकरण करून मिळते. त्यात नाना आकारांचे रेणू एकत्र असतात. त्यांतील हलके रेणू उष्णतेने उडून जातात. शिवाय त्यात थोडे मेण उरते. थंडीच्या दिवसांत खोबरेल जसे बाटलीत थिजते, तसे हे मेण कडक थंडीत गोठते व तेलाचा प्रवाह अडवते.

संश्लेषित तेलाचे रेणू कारखान्यात जोडून बनवितात. एथिलिन वायूपासून डेसीन हे द्रव्य तयार करतात आणि त्याचे रेणू एकमेकांस जोडून तेल मिळवितात. हे रेणू जवळजवळ सारखे असतात व त्यांत मेण नसते. म्हणून असे तेल थंडीत वाहते, उष्णतेत कमी उडते आणि हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून लवकर खराब होत नाही. अमेरिकेतील मोटारचालकांच्या ‘एएए’ या संघटनेने २०१७ मध्ये दोन्ही प्रकारच्या तेलांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत संश्लेषित तेले सरासरीने जवळजवळ ५० टक्के सरस ठरली.

तथापि ‘सिंथेटिक’ हा शब्द एकाच कृतीचा निदर्शक नाही. कच्च्या तेलावर हायड्रोजनाची तीव्र प्रक्रिया करून रेणूंची रचना बदललेले तेलही या नावाने विकता येईल, असा निर्णय अमेरिकेतील जाहिरातविषयक मंडळाने १९९९ मध्ये दिला. म्हणून केवळ नावावर न भुलता डब्यावरील श्रेणी व मानक वाचावे.

जे संश्लेषित तेलासही साधत नाही

इंधन जळताना काजळी, पाणी व आम्ले उत्पन्न होतात. ती दोन्ही तेलांत सारखीच उतरतात. मळ तरंगत ठेवणारी व आम्ले मारणारी पूरक द्रव्ये दोन्ही तेलांत मिसळलेली असतात आणि ती वापराने संपत जातात. म्हणून संश्लेषित तेल बदलावेच लागत नाही, हा समज चुकीचा आहे. तसेच तेल काळे झाले म्हणजे ते निकामी झाले असेही नव्हे. मळ इंजिनात न साचता तेलात धरला जात आहे, एवढेच त्यावरून दिसते.

खर्चाचा हिशेब

समजा, इंजिनास ३ लिटर तेल लागते. खनिज तेल ४०० रुपये लिटर असून ५,००० किलोमीटरनंतर बदलावयाचे आहे. संश्लेषित तेल ८०० रुपये लिटर असून १०,००० किलोमीटरनंतर. वर्षाला ३०,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीस सहा वेळा १,२०० किंवा तीन वेळा २,४०० म्हणजे दोन्हीकडे ७,२०० रुपयेच लागतात. परंतु दुसऱ्या रीतीने दुरुस्तीगृहातील तीन खेपा वाचतात. उलट वर्षाला ३,००० किलोमीटर फिरणारी घरची मोटार घ्या. तिचे तेल मुदतीमुळे वर्षातून एकदा बदलावेच लागते. तेथे १,२०० रुपयांचे काम २,४०० रुपयांत होते व अंतराचा लाभ हाती येत नाही. मात्र ही मुदत व हे अंतर मनाने ठरवू नये. ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते व त्यांपैकी जे आधी भरेल ते पाळावयाचे असते.

निवडीचा क्रम

प्रथम पुस्तिका उघडून श्रेणी व मानक पाहावे. तेथे ०डब्ल्यू-२० सारखी श्रेणी सांगितली असेल तर साध्या खनिज तेलाचा विचारच सोडावा, कारण त्यापासून अशी श्रेणी साधत नाही. मोटारसायकलीत बहुधा तेच तेल क्लचलाही भिजवीत असते. मोटारीसाठीचे घर्षण फार कमी करणारे तेल तेथे घातल्यास क्लच घसरतो. म्हणून पुस्तिकेत जपानी मानकाची ‘जासो एमए’ ही खूण सांगितली असेल, तर ती असलेलेच तेल घ्यावे. त्यानंतर हवामान, ओझे व वर्षाकाठी होणारी धाव पाहावी. फार थंड प्रदेशात, किंवा ओझे घेऊन घाट चढणाऱ्या वाहनात, संश्लेषित तेलाचे पैसे वसूल होतात. मध्यम हवेत थोडे फिरणाऱ्या जुन्या वाहनास, पुस्तिकेची अनुमती असेल तर, वेळेवर बदललेले खनिज तेल पुरेसे होते. वेळ चुकविलेल्या महाग तेलापेक्षा वेळेवर बदललेले योग्य श्रेणीचे साधे तेल इंजिनास अधिक हितकारक असते. आणि काढलेले जुने तेल गटारात किंवा मातीत न ओतता दुरुस्तीगृहातील संग्रहपात्रात द्यावे, म्हणजे विहिरीचे व नदीचे पाणी बिघडणार नाही.