मृत्यूचे आकडे आणि रुग्णालयाची पारख

सप्टेंबर 1994 मध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली. वेड रोड, उधना, लिंबायत या भागांत हिरे, कापड आणि यंत्रमागाच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली खानदेशातील हजारो कुटुंबे त्या भीतीच्या सावटाखाली होती. लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक खाजगी दवाखाने बंद झाले आणि रुग्णांचा मोठा भार सरकारी रुग्णालयावर येऊन पडला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत त्या वर्षी भारतात प्लेगचे 876 रुग्ण व 54 मृत्यू आहेत. म्हणजे शेकडा सहा. परंतु ताप वा खोकला येताच धास्तावून आलेले सर्व संशयित रुग्ण मोजले, तर त्यांची संख्या पाच हजारांहून अधिक होती आणि त्या हिशेबाने प्रमाण शेकडा एकच्या आसपास येते. मृत्यू तेच, भाजक बदलला. वेळीच उपचार न मिळाल्यास फुप्फुसाचा प्लेग बहुधा प्राणघातक ठरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे कोण, कोणत्या अवस्थेत व किती उशिरा दाखल झाला हे कळल्यावाचून अशा टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही.

याच प्रश्नाचा शास्त्रीय विचार अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधिका डॉ. लिसा आयझोनी यांनी दीर्घकाळ केला. त्या देशाच्या शासनाने 1986 मध्ये रुग्णालयांचे मृत्युदर जाहीर केले. त्यांत एका संस्थेचा दर शेकडा 87.6 निघाला, अपेक्षा मात्र 22.5 ची होती. चौकशीअंती उलगडा झाला, की तेथे मरणासन्न रुग्णांचीच शुश्रूषा होत असे!

पद्धत मुळात त्रैराशिकाच्या जातीची आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साध्या रुग्णांत सर्वसाधारणपणे शेकडा 1 व अत्यवस्थ रुग्णांत शेकडा 20 मृत्यू होतात असे मानू. तालुक्याच्या रुग्णालयात 900 साधे व 100 अत्यवस्थ रुग्ण आले. अपेक्षित मृत्यू 29, प्रत्यक्षात 35. जिल्हा रुग्णालयात 400 साधे व 600 अत्यवस्थ. अपेक्षित 124, प्रत्यक्षात 110. वरकरणी शेकडा 3.5 विरुद्ध 11 असा सामना दिसतो. वस्तुतः जिल्हा रुग्णालयाने अपेक्षेपेक्षा 14 जीव अधिक वाचविले. निव्वळ टक्केवारीवरून दोष देण्याचा प्रघात पडला, तर अत्यवस्थ रुग्णाला दारातूनच परत पाठविण्याचा मोह कोणत्याही संस्थेला होईल, आणि त्याची झळ प्रथम खेड्यातील गरिबाला लागेल.

तथापि ही पद्धत म्हणजे सोन्याचा काटा नव्हे. गांभीर्य मोजण्याची मापे अनेक आहेत, आणि माप बदलले की काही रुग्णालयांचा क्रमही बदलतो, असे डॉ. आयझोनी व त्यांच्या सहकाऱ्यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या अभ्यासात आढळले. शिवाय सवलत द्यावयाची ती दाखल होतेवेळच्या अवस्थेची: वय, श्वास, नाडी, रक्तदाब, जुना मधुमेह वा क्षय. रुग्णालयातच जडलेल्या जंतुसंसर्गाची सवलत दिली, तर तेथील हलगर्जी झाकली जाईल.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अखेरचा श्वास घरी घेता यावा म्हणून नातेवाईक रुग्णाला घेऊन जातात. केसपेपरवर ‘स्वेच्छेने घरी नेले’ एवढेच लिहिले जाते आणि तो मृत्यू रुग्णालयाच्या हिशेबात येत नाही. दाखल झाल्यापासून तीस दिवसांपर्यंतचे मृत्यू मोजण्याची रीत अनेक देशांत आहे ती याचसाठी. तशी मोजणी ग्रामीण भागात करावयाची, तर ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदवहीची रुग्णालयाच्या केसपेपरशी सांगड घालावी लागेल, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीवर निघण्याची वेळ, नाडी व रक्तदाब न चुकता लिहावा लागेल.