वीणेची जुळणी आणि मेलपालट

कुंभकोणमच्या रामस्वामी मंदिरात मारुतीच्या हाती वीणा दिसते. हे मंदिर उभविणाऱ्या रघुनाथ नायकाच्या तंजावर दरबारी, सतराव्या शतकात, वीणेस आजचे रूप आले अशी परंपरा आहे.

त्यापूर्वीच्या एकरागमेल वीणेवर राग बदलला की पडदे सरकवावे लागत. अमेरिकेच्या अपालाचियन डोंगरांतील डल्सिमरचे पडदे अचल, पण सात स्वरांपुरतेच. म्हणून तेथे थाट बदलताना तार पुन्हा जुळवितात. तंजावरी वीणेत सप्तकास बारा याप्रमाणे चोवीस पडदे मेणात बसविले गेले आणि दोन्ही खटाटोप टळले. पुढे वेंकटमखी यांनी ‘चतुर्दंडीप्रकाशिके’त 72 मेल मांडले, ते याच बारा स्वरस्थानांच्या आधारे.

जुळणी अशी: पडद्यांवरील चार तारा मध्य सा, मंद्र प, मंद्र सा आणि अनुमंद्र प, बाजूच्या तीन तालाच्या तारा सा, प आणि तार सा.

प्रथम शंकराभरण, म्हणजे आपला बिलावल थाट, वाजवावा. मग तेच पडदे ठेवून रिषभालाच षड्ज मानून पाहावे. खरहरप्रिया, म्हणजे काफी, मिळतो. परंतु तालाच्या तारा मूळ षड्जच बोलत राहतात आणि कान गोंधळतो. म्हणून मूळ षड्जावरूनच, गांधार व निषाद तेवढे एकेक पडदा खाली घेऊन, तोच मेल वाजवावा. आता तारा व बोटे एकच भाषा बोलतात.

मात्र पडदा केवळ स्वराचे स्थान दाखवितो. रागाचा जीव असलेले गमक तार ओढूनच काढावे लागते. ते कानानेच शिकावे.