ऐतिहासिक वास्तूची सुगम अभ्याससहल : एक आखणी

इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्षेत्रभेटीचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पुस्तकातील चार पाने वाचून जे कळत नाही, ते एखाद्या जुन्या वास्तूच्या ओसरीवर दहा मिनिटे बसल्याने कळते. परंतु सहलीला निघणाऱ्या वर्गात सगळ्यांचे पाय, डोळे आणि कान सारखे नसतात, ही साधी गोष्ट सहलीची आखणी करताना बहुधा विसरली जाते. प्रस्तुत लेखात मी या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहे. उदाहरणासाठी पुण्याचा आगाखान महाल घेतला आहे, कारण पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील विद्यार्थ्यांना एका दिवसात जाऊन येता येईल असे हे ठिकाण आहे.

नगर रस्त्यावरील हा महाल सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी १८९२ मध्ये बांधला. दुष्काळाने गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागील हेतू होता, असे सांगितले जाते. कमानींची प्रशस्त इमारत, सभोवती व्हरांडे आणि सुमारे १९ एकरांचे आवार असा त्याचा विस्तार आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळीच्या प्रारंभीच गांधीजींना येथे स्थानबद्ध करण्यात आले. कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, प्यारेलाल आणि डॉ. सुशीला नय्यर हेही येथे होते. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई येथेच निवर्तले. १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण येथेच केले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनीही येथेच देह ठेवला. प्रकृती ढासळल्यामुळे ६ मे १९४४ रोजी गांधीजींची मुक्तता झाली. पुढे १९६९ मध्ये चौथे आगाखान यांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली आणि २००३ मध्ये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाचा दर्जा मिळाला.

या तपशिलात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या महालाचा सर्वांत महत्त्वाचा इतिहास आजारी, उपोषणाने खंगलेल्या व अंथरुणाला खिळलेल्या माणसांचा इतिहास आहे. तो समजून घेण्यासाठी धडधाकट पायांचीच अट असावी, हे कोणाही विचारी माणसाला पटणार नाही.

आमच्या वर्गात चाकांच्या खुर्चीवर वावरणारी एक मैत्रीण आहे. सहलीची गोष्ट निघाली की तिचे ठरलेले उत्तर असते, “तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा.” कारण विचारले तेव्हा तिने शाळेतील एका सहलीची हकिकत सांगितली. एका जुन्या वाड्याच्या पायऱ्यांवरून चौघांनी तिला खुर्चीसह उचलून वर नेले होते. “सगळे टाळ्या वाजवत होते,” ती म्हणाली, “आणि मला वाटत होतं, कपाट चढवताहेत.” त्या चौघांच्या मनात वाईट काहीच नव्हते. त्यांच्याजवळ नव्हती ती पूर्वतयारी.

‘सुगम’ या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट केला पाहिजे. दुसऱ्याच्या उपकारावाचून, स्वतःच्या मानाने जाता येणे, पाहता येणे व परतता येणे म्हणजे सुगमता. आपल्या कायद्यानेही हीच भूमिका घेतली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते एकवीस केले आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, सुगमतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी म्हणून न ठेवता सक्तीचे करावेत, असा निर्णय दिला. अर्थात कायदा झाला म्हणून पायरी आपोआप सपाट होत नाही. मध्यंतरीच्या काळात आपल्या हाती आखणी उरते.

आखणीचे पहिले सूत्र असे की, सहल ही साखळी आहे. एक कडी तुटली की साखळी तुटते. महालाचे दालन कितीही सोयीचे असो, तेथवर पोहोचताच येत नसेल तर त्याचा उपयोग काय? म्हणून घरापासून सुरुवात करावी. चाकणहून येणाऱ्याला पुणे-नाशिक रस्त्याने नाशिक फाट्यापर्यंत येऊन मेट्रो पकडता येते. पिंपरीकरांना महापालिकेजवळचे स्थानक सोयीचे. ही मार्गिका ६ मार्च २०२२ रोजी फुगेवाडीपर्यंत व १ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालय स्थानकापर्यंत सुरू झाली. तेथे गाडी बदलावी लागते, आणि ६ मार्च २०२४ पासून दुसरी मार्गिका रामवाडीपर्यंत जाते. कल्याणीनगर किंवा रामवाडीला उतरून उरलेला टप्पा रिक्षाने गाठावा. स्थानकांत लिफ्ट आहेत. पण चाळीस विद्यार्थी एकदम लिफ्टपाशी उभे राहिले तर जिला लिफ्टवाचून गत्यंतर नाही तीच मागे राहील. इतरांनी जिन्याने जावे, हे आधीच ठरवावे. खरी कसोटी बस आणि रिक्षा यांच्या टप्प्यांवर असते. घडीची खुर्ची कोठे ठेवणार, हे रिक्षावाल्याशी आधी बोलून घ्यावे.

दुसरे सूत्र मोजमापाचे. आपला हा कारखान्यांचा पट्टा आहे. सुटा भाग बरोबर आहे की नाही हे येथे नजरेने ठरवत नाहीत. गेज लावतात, बसला तर बसला, नाही तर नाही. तेच येथे करावे. नव्वद सेंटिमीटरची एक काठी घेऊन दोघांनी आठवडाभर आधी जाऊन यावे. दारात काठी आडवी बसली तर खुर्ची सुखाने जाईल. खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो आणि तशाच तीन पायऱ्यांसाठी ५४० सेंटिमीटर. ‘एक फळी टाकू, काम होईल’ असे म्हणणाऱ्याला हे गणित करून दाखवावे. संरक्षित स्मारकात खिळासुद्धा आपल्याला ठोकता येत नाही. मात्र उचलून नेता येईल असा तात्पुरता उतार चालेल का, हे तेथील व्यवस्थापनाला पत्राने विचारता येते. स्वच्छतागृहाचे दारही याच काठीने मोजावे, कारण ते अरुंद असले तर माणूस सकाळपासून पाणी पिणे टाळतो, आणि ही गोष्ट तो कोणाला सांगत नाही.

तिसरे सूत्र, खुर्ची म्हणजेच अपंगत्व असे समजू नये. ज्याला दिसत नाही त्याला ओढत नेऊ नये. त्याला आपला कोपर धरू द्यावा व दालनाची रुंदी, कमानींची संख्या, खिडकीतून येणारे ऊन हे शब्दांत सांगावे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हाती सरांच्या व्याख्यानाची टिपणे आदल्या दिवशी द्यावीत आणि बोलताना तोंड त्याच्याकडे असावे. हृदयविकार, संधिवात किंवा फेफरे असलेला विद्यार्थी बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून विसाव्याच्या जागा सर्वांसाठीच आखून ठेवाव्यात.

चौथे सूत्र माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे : जेथे वर्गातील प्रत्येकाला जाता येत नाही, तेथे मुख्य पाठ घेऊ नये. कस्तुरबा व महादेवभाई यांच्या समाध्या याच आवारात आहेत. महादेवभाईंच्या समाधीवर फुले वाहायला गांधीजी स्थानबद्धतेत नित्य जात असत. ती वाट चालणे हा सहलीचा गाभा आहे. सगळे समाधीकडे गेले आणि एक मैत्रीण व्हरांड्यात थांबली, तर ती महालात आली खरी, पण सहलीला आली नाही. म्हणून पाहणीला जाणाऱ्या दोघांनी ही वाट आधी तपासावी. पृष्ठभाग कसा आहे, मध्ये पायरी आहे काय, पावसानंतर चाक रुतते काय, हे पाहावे. अडचण असेल तर पाठाची जागा बदलावी, विद्यार्थी गाळू नये. आणि त्या दोघांपैकी एक, शक्यतो, ज्याला गरज आहे तोच असावा. त्याच्यासाठी काय सोयीचे, हे त्याच्याइतके दुसऱ्याला कळत नाही.

चाकणच्या भुईकोटापासून चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यापर्यंत आपल्या आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे. भुईकोटाला डोंगर चढावा लागत नाही म्हणून तो सुगम ठरत नाही, आणि वाडा गावात आहे म्हणून त्याचा उंबरठा ठेंगणा होत नाही. सगळीकडे काठी घेऊन जावे लागेल. इतिहास विभागाने यासाठी एक मापवही सुरू करावी, अशी माझी प्राध्यापक महोदयांना नम्र सूचना आहे. प्रत्येक सहलीनंतर दारांची रुंदी, पायऱ्यांची संख्या, विसाव्याची ठिकाणे तीत तारखेसह नोंदवावीत आणि वही ग्रंथालयात ठेवावी. पुढल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना त्यामुळे शून्यापासून आरंभ करावा लागणार नाही, आणि कोणाला फोटोंवर समाधान मानावे लागणार नाही.