कोरियाचा पाठ : नकाशा आणि ग्रंथ यांची सांगड

भूगोलाच्या तासाला दूरदेशाचा पाठ आला म्हणजे नकाशा भिंतीवर टांगला जातो, पुस्तक हातात राहते, आणि दोहोंची गाठ क्वचितच पडते. नद्यांची नावे व राजांची नावे सारख्याच रीतीने पाठ होतात. ही सवय मोडण्यास कोरिया हा देश फार सोयीचा आहे. तेथे जुने नकाशे व जुने ग्रंथ दोन्ही विपुल आहेत आणि एकावाचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

प्रथम भूरूप. चीनच्या ईशान्येकडून दक्षिणेस उतरलेल्या या द्वीपकल्पाचे क्षेत्रफळ सुमारे २,२०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊणपटीहून थोडे कमी आहे. तेबेक पर्वताची रांग पूर्व किनाऱ्यालगत धावते. त्यामुळे पूर्वेकडे अरुंद पट्टी उरते आणि हान, गुम, तेदोंग या नद्या पश्चिमेकडे वाहतात. सह्याद्री ज्यांच्या परिचयाचा आहे त्या मुलांस हे समजण्यास वेळ लागत नाही. फक्त दिशा उलट करावी लागते. दक्षिणेकडे वाहणारी नाकदोंग नदी मात्र या नियमास अपवाद आहे. पश्चिमेच्या पीत समुद्रात भरती-ओहोटीचा फरक इंचॉन बंदराजवळ नऊ मीटरपर्यंत जातो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून येथेच फळ्यावर लिहून ठेवावी.

जुन्या नकाशांमध्ये किम जंग-हो याने १८६१ साली लाकडी ठशांवरून छापलेला 'देदोंग योजिदो' हा नकाशा सर्वश्रेष्ठ मानला जातो. त्याच्या बावीस घड्या-पुस्तिका आहेत. प्रत्येक पुस्तिकेत उत्तर-दक्षिण १२० री इतका प्रदेश येतो. री हे तेथील जुने अंतरमान असून दहा री म्हणजे सुमारे चार किलोमीटर होतात. सर्व पुस्तिका क्रमाने जोडल्या तर साडेसहा मीटरांहून अधिक उंचीचा व जवळजवळ चार मीटर रुंदीचा नकाशा तयार होतो. साध्या वर्गाच्या भिंतीवर तो मावणार नाही. पण प्रवाशाने आपल्या वाटेपुरती पुस्तिका घडी करून बरोबर घ्यावी, अशीच ती योजना होती. नौका चालतील अशा नद्या दुहेरी रेषेने व इतर नद्या एकेरी रेषेने दाखविल्या आहेत. रस्ते सरळ रेषांनी काढले असून दर दहा री अंतरावर एक खूण आहे. या खुणा सपाटीवर दूरदूर व डोंगरात जवळजवळ पडतात, कारण डोंगरातली वाट वळणावळणाची असते आणि चालावे अधिक लागते. उंचीचा एकही आकडा न देता चढ दाखविण्याची ही युक्ती मुलांस दाखविण्याजोगी आहे.

याच नकाशाच्या कर्त्याविषयी एक कथा आहे, आणि अध्यापकांच्या दृष्टीने ती नकाशाहूनही महत्त्वाची आहे. किम जंग-हो देशभर पायी तीन वेळा फिरला, पेकतू पर्वतावर आठ वेळा चढला, आणि नकाशा पुरा होताच राज्यकर्त्याने, देशाची गुपिते फुटतील या भीतीने, ठसे जप्त करून त्यास तुरुंगात टाकले, अशी ती कथा. जपानी अमलाखालील कोरियात १९३४ सालच्या प्राथमिक शाळेच्या वाचनपुस्तकात ती पाठ म्हणून छापली गेली. कोरियन राजदरबार किती अज्ञानी होता हे त्यातून मुलांच्या मनावर ठसत असे; असा पाठ परकीय सत्तेस नकोसा असण्याचे कारण नव्हते. राज्य गेले, पाठ राहिला. स्वतंत्र कोरियातही कित्येक दशके ही कथा खरी म्हणूनच सांगितली गेली.

पुरावा निराळेच सांगतो. ज्या राज्यकर्त्याने ठसे नष्ट केले म्हणतात, त्याच्याच काळात, १८६४ साली, नकाशा पुन्हा छापला गेला. ठशांच्या काही फळ्या सोल येथील राष्ट्रीय संग्रहालयात आजही आहेत. शिन ह्यॉन या सेनाधिकाऱ्याने स्वतः लिहून ठेवले आहे की सरकारी दप्तरातील नकाशे जमवून त्याने हे काम किमकडे सोपविले. किमचे मोठेपण पर्वत चढण्यात नव्हते. शेकडो जुने कागद पडताळून त्यांतून एक सुसंगत देश उभा करण्यात होते. ही गोष्ट कमी रोमहर्षक आहे खरी, पण शाळेत शिकविण्यास अधिक योग्य आहे.

ग्रंथांपैकी दोन पुरेत. किम बु-शिक याने ११४५ साली सिद्ध केलेला 'सामगुक सागी' हा गोगुर्यो, बेकजे व सिल्ला या तीन राज्यांचा इतिहास होय. तो शिकविताना आजच्या सीमा बाजूला ठेवाव्या लागतात, कारण ४२७ साली प्योंगयांग येथे राजधानी नेण्यापूर्वी गोगुर्योची राजधानी यालू नदीच्या पलीकडे, आज चीनमध्ये असलेल्या भागात होती. दुसरा ग्रंथ इल्यॉन या बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकात रचलेला 'सामगुक युसा'. इ. स. ४८ मध्ये 'आयुता' देशाची राजकन्या समुद्रमार्गे येऊन गाया राज्याच्या राजाची राणी झाली, ही आख्यायिका त्यात आहे. आयुता म्हणजे अयोध्या असे मानून २००१ साली अयोध्येत तिचे स्मारक उभारले गेले. मुलांस ही गोष्ट आवडेल व ती अवश्य सांगावी. परंतु लगेच नकाशा उलगडावा. अयोध्या समुद्रापासून किती दूर आहे? घटना आणि लेखन यांत किती शतके गेली? गायाचे गिमहे हे ठिकाण मात्र नाकदोंगच्या मुखाजवळ आहे आणि गाया लोखंडासाठी प्रसिद्ध होते. तेथे दूरची जहाजे येत असणे नकाशास मान्य आहे.

आता भरती-ओहोटीकडे वळावे. १५९७ साली नौसेनापती यी सुन-शिन याने अवघ्या तेरा जहाजांनिशी शंभराहून अधिक जपानी जहाजांस म्योंगनयांगच्या सामुद्रधुनीत रोखले. त्याच्या रोजनिशीत त्या दिवसाची हकीकत आहे. पण वाचकाच्या मनातील 'हे शक्य कसे झाले?' या प्रश्नाचे उत्तर नकाशा देतो. जिंदो बेट व मुख्य भूमी यांमधील ती चिंचोळी वाट, भरतीचा प्रचंड ओघ, आणि मोठ्या आरमारास एका वेळी पुढे येण्यास जागा नाही.

नकाशा वाचण्यात उणे राहिले म्हणजे काय होते याचे उदाहरणही कोरियातच आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी एका मासिकाच्या नकाशावरून घाईने ३८ वे अक्षवृत्त विभाजनरेषा म्हणून निवडले. त्या रेषेने ओंगजिन द्वीपकल्प दक्षिणेकडे राहिले, पण दक्षिणेशी त्याची जमिनीची वाटच तुटली. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर रेषा बदलली. ओंगजिन व केसोंग उत्तरेकडे गेले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी १९५३–५४ मध्ये या रेषेवर गेलेल्या भारतीय पथकाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते.

वर्गात करण्याजोगे काम साधे आहे. मुलांनी कोरियाची बाह्यरेषा काढून त्यावर ३८ वे अक्षवृत्त ओढावे आणि ओंगजिन शोधावे. त्यानंतर किमच्या रीतीने आपल्या गावापासून तालुक्याच्या गावापर्यंतची वाट सरळ रेषेने काढून दर किलोमीटरच्या चालीस एक खूण करावी. घाट किंवा ओढा असेल तेथे खुणा आपोआप जवळ येतील. अंतर मुलांनी स्वतः चालून मोजावे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले अंतर वहीत वेगळ्या रकान्यात लिहावे.