आजीचं निरांजन चांदीचंच ना?

प्रश्न : आजीच्या निरांजनाचं वजन 84 ग्रॅम भरलं. मापनपात्रात बुडवल्यावर पाणी 50 वरून 59 मिलीपर्यंत चढलं. घनता 9.3 आली. चांदीची 10.5 असते. म्हणजे भेसळ समजायची का?

उत्तर : इतक्यात नको. भागाकार बरोबर आहे, शंका आहे ती 9 या आकड्याची. आकारमान 8 मिली धरलं तर घनता 10.5, म्हणजे शुद्ध चांदी. 10 धरलं तर 8.4, म्हणजे पितळ! घरगुती पात्रावर एवढी चूक सहज होते.

वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. निरांजन बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर आकारमान. (हे आर्किमिडीजचंच तत्त्व, दोऱ्यावरचा भार जेवढा कमी होतो, तेवढा काट्यावर वाढतो.) काटा 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. खाचांत अडकलेले बुडबुडे आधी झटकून टाका, नाहीतर आकारमान फुगतं.

समजा काट्याने 8.3 दाखवले, तर 84 भागिले 8.3 म्हणजे 10.1. चांदीत पाचवा हिस्सा तांबं असलं की साधारण एवढीच घनता येते. जर्मन सिल्व्हर 8.5च्या आसपास असतं. त्यात चांदी नावालाही नसते.

मात्र शिसं 11.3 आणि तांबं 9 घनतेचं. दोन्ही बेताने मिसळून 10.5 गाठता येते, त्यामुळे घनता जुळली तरी खात्रीसाठी सराफाकडे एक्स-रे यंत्रावर तपासून घ्या.