खिचडी थिजते, शिऱ्याला गुठळ्या होतात, खीर फाटते : असं का?

प्रश्न : नोकरीवरून घरी पोचायला मला रात्रीचे आठ वाजतात. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा मुगाची खिचडी आणि गोड हवं असेल तर शिरा किंवा शेवयांची खीर, एवढाच बेत असतो. आईची मापं वहीत उतरवून घेतली आहेत आणि ती मी तंतोतंत पाळते. तरीही आसट खिचडी पानात येईपर्यंत घट्ट गोळा होते, शिऱ्याला गुठळ्या होतात आणि गूळ घातला की खीर फाटते. सासूबाई म्हणतात, ‘हाताला चव असावी लागते.’ खरंच तसं काही असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं कोडं थोडक्यात असं : जिन्नस तेच, मापंही तीच, मग पदार्थ वेगळा का होतो? वहीत ‘किती’ हे उतरतं. कोणता जिन्नस कधी घातला आणि त्या वेळी तो गरम होता की गार, हे सहसा उतरत नाही, कारण सांगणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. तुमच्या तिन्ही अडचणी तिथूनच आल्या आहेत. एकेक सोडवू.

आधी खिचडी. तांदळाचा दाणा मुख्यतः पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा बनलेला असतो. पाणी साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की हे पिष्ट पाणी पिऊन फुगतं आणि त्यातलं थोडं बाहेरच्या पाण्यातही उतरतं. खिचडीचा मऊ, मिळून आलेला गुण हा त्याचाच. पण खिचडी निवू लागली की पिष्टाचे सुटे झालेले धागे पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि मधलं पाणी त्यांच्या जाळ्यात अडकतं. शिवाय गरम दाणे उरलेलं पाणी पीतच असतात. म्हणून पातेल्यात आसट दिसणारी खिचडी दहा मिनिटांत थिजते. तुमचं पाणी चुकलेलं नाही. तुम्ही खिचडीचा सैलपणा पारखता कुकर उघडताना आणि ती खाता त्यानंतर पंधरा मिनिटांनी, एवढाच फरक आहे.

उपाय सोपा आहे. १ वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ असेल तर ६ वाट्या पाणी घाला. कुकर उघडल्यावर खिचडी घोटा, वाटी-दीड वाटी आधणाचं पाणी घाला आणि एक उकळी काढा. पानात हवी असेल त्याहून ती थोडी पातळच राहू द्या. इथे गार पाणी घालू नये. त्याने खिचडी आणखी निवते आणि पाणी वेगळं, शीत वेगळं अशी गत होते. थिजलेली खिचडीही गरम पाणी घालून पुन्हा नीट तापवली तर बरीचशी सैल होते, कारण बिलगलेले धागे उष्णतेने पुन्हा सुटतात.

तांदूळ कोणता, हेही पाहा. भात मोकळा आणि फडफडीत होणाऱ्या तांदळात अमायलोज नावाचं पिष्ट जास्त असतं आणि निवल्यावर लवकर घट्ट होणारं पिष्ट हेच. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी यांचा भात चिकटसर होतो आणि निवल्यावरही मऊ राहतो. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं आणि त्याचं एक मूळ आंबेमोहोर हेच आहे. शिवाय जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो. आईकडे मावळातला नवा आंबेमोहोर येत असेल आणि तुमच्याकडे दुकानातला जुना, मोकळा होणारा तांदूळ असेल, तर तेच माप दोघींना लागू पडणार नाही.

खिचडीबद्दलचे दोन समज इथेच बाजूला ठेवू. पहिला, जितक्या शिट्ट्या जास्त तितकी खिचडी मऊ. कुकरमध्ये दाब पूर्ण भरला की आतलं तापमान सुमारे १२० अंशांना पोचतं. आच मोठी ठेवून ते आणखी वाढत नाही, फक्त वाफ शिट्टीवाटे निघून जाते आणि तेवढं पाणी कमी होतं. एक शिट्टी झाली की आच मंद करा आणि शिट्ट्यांऐवजी सात-आठ मिनिटं मोजा. दुसरा समज, मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही. डाळीला खरी अडवणारी असतात ती आमसूल, चिंच, टोमॅटो यांसारखी आंबट द्रव्यं आणि बोअरवेलचं जड पाणी. आंबटपणामुळे आणि जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे दाणा सहज मऊ होत नाही. मीठ खुशाल आधी घाला, आंबट मात्र डाळ शिजल्यावर.

निवल्यावर दाणे आवळण्याचा हाच गुण फोडणीच्या भाताला कामी येतो. ताजा गरम भात परतला तर लगदा होतो, शिळा भात मोकळा राहतो. पण शिळा भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळातले काही जिवाणू शिजवूनही टिकतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा तापवून जात नाही. जेवणं झाली की उरलेला भात किंवा खिचडी पसरट भांड्यात निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

आता शिरा. रवा म्हणजे गव्हाचे कण. त्यांतही पिष्टच असतं. कोरडा कण उकळत्या पाण्यात पडला की त्याचं बाहेरचं आवरण क्षणात फुगून चिकट होतं. शेजारचे कण त्याला चिकटतात आणि मधल्या रव्यापर्यंत पाणी पोचतच नाही. ही झाली गुठळी. रवा तुपात भाजतो तो रंग आणि खमंगपणा यावा म्हणून, तसाच प्रत्येक कणाला तुपाचा पातळ लेप बसावा म्हणूनही. लेप बसलेले कण सुटे राहतात आणि एकेकाला पाणी मिळतं. घाईत रवा चार मिनिटांत उतरवला किंवा तूप हात आखडून घातलं की गुठळ्या ठरलेल्या. १ वाटी रव्याला निदान अर्धी वाटी तूप घ्या, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा आणि रवा हाताला हलका लागला, घरभर वास सुटला की अडीच-तीन वाट्या आधणाचं पाणी किंवा उकळतं दूध घाला. गार पाण्याने कढई निवते, कण फुगायला वेळ लावतात, तळाशी बसतात आणि शिरा चिकट होतो.

साखर केव्हा घालायची, यालाही कारण आहे. साखर पाणी स्वतःकडे ओढते आणि साखरेच्या पाण्यात पिष्ट फुगायला जास्त उष्णता लागते. म्हणून साखर आधी घातली तर रवा कचकचीत राहतो. पाणी घातल्यावर झाकण ठेवून दणदणीत वाफ आणा, रवा पुरता फुलू द्या आणि मगच साखर घाला. साखर घालताच शिरा सैल होतो, तेव्हा पाणी जास्त झालं असं समजून घाबरू नका. विरघळलेल्या साखरेचा तो ओलावा असतो. आणखी एक वाफ दिली की शिरा आळतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा सहसा बिघडत नाही, याचं उत्तर मात्र तुपाच्या लेपात आहे. त्यात रवा, तूप आणि साखर सव्वाच्या सारख्या मापाने घेतात, त्यामुळे एकही कण तुपावाचून राहत नाही.

राहिली खीर. गूळ घातल्यावर दूध फाटलं की अनेकांना दुधात भेसळ असल्याची शंका येते. बहुतेक वेळा दूध चांगलंच असतं. उसाचा रस किंचित आम्ल असतो आणि गुळात ती आम्लता उतरते. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतं आणि आम्ल मिळालं की ते कण एकत्र येतात. पनीर करताना लिंबू पिळतो ते याचसाठी. मात्र दूध जितकं गरम, तितकं थोडं आम्ल पुरतं. गार दुधाला जो गूळ सोसतो, तोच उकळत्या दुधाला सोसत नाही. साखरेत ही आम्लता नसते, म्हणून साखरेची खीर फाटत नाही.

तेव्हा शेवया दुधात शिजल्या की गॅस बंद करा आणि खीर बोटाला सोसेल इतकी निवू द्या. तोवर अर्धी वाटी चिरलेला गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून, गाळून, गार करा. हा पाक थोडा थोडा ढवळत मिसळा आणि त्यानंतर खीर पुन्हा उकळू नका. आपल्या जुन्या पदार्थांत ही तोड आधीपासून आहे. कोकणात शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस वाढतात आणि नारळाच्या रसात केसीन नसतंच. कोल्हापूर-सांगलीकडे गव्हाची खीर पाण्यात गुळासह शिजवतात, दूध वरून पानातच घेतात. कारण कुणी लिहून ठेवलं नाही, पण क्रम मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे. हाताला चव असते, हे खरंच आहे. फक्त ती जन्मजात नसते. रव्याचा वास बदलला की पाणी घालायचं, बोटाला सोसलं की गूळ घालायचा, हे शेकडो वेळा करून हाताला कळलेलं असतं आणि म्हणूनच ते मापात सांगता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी माहेरी गेलात की आईला कृती विचारू नका. ती शिरा करत असताना कढईशेजारी उभ्या राहा. आणि वहीत मापाशेजारी आणखी एक रकाना आखून घ्या : कधी, आणि गरम की गार.