सुटलेल्या पक्ष्यांची नोंद

पुणे

चि. सईस,


फोटो मिळाला. विजेच्या तारेवर बसलेला तो पिवळट-पांढरा, तुरेवाला, गालावर नारिंगी ठिपका असलेला पक्षी कॉकाटिलच, शंका नको. खटकलं ते तू खाली लिहिलेलं : ‘पाळीव होता, म्हणून ईबर्डवर टाकला नाही.’ पक्षिनिरीक्षणाच्या ग्रुपमधल्या जाणत्यांनीच तसं सांगितलं म्हणतेस. त्यांचा मान राखून सांगतो, या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस.

यादीत धरणं वेगळं आणि नोंद करणं वेगळं; मार्कशीट आणि हजेरीपट यांत असतो तेवढाच फरक. ऑनलाइन पक्षिनोंदी ठेवणाऱ्या ईबर्डने २०२२ मध्ये परक्या पक्ष्यांसाठी तीन वर्ग केले. कायमचे स्थिरावलेले ते ‘नॅचरलाइज्ड’. पिल्लं काढताहेत, पण टिकतील की नाही याचा भरवसा नाही, ते ‘प्रोव्हिजनल’. आणि नुसते सुटलेले ते ‘एस्केपी’. एस्केपी तुझ्या अधिकृत आकड्यात मोजला जात नाही, नोंद मात्र शाबूत राहते. कोण कुठल्या वर्गात जाणार हे तू ठरवायचं नसतं. तेव्हा ‘पाळीव पक्ष्यांनी डेटा बिघडतो’ या तक्रारीत आता फारसा दम उरलेला नाही.

लंडनचं उदाहरण घे. तिथे आज हजारो पोपट आहेत आणि ते आपलेच, गळ्याला कंठी असलेले, आपल्याकडे पेरूच्या बागा फस्त करणारे. हे तिथे आले कुठून? कुणी म्हणतं, १९५१ च्या ‘द आफ्रिकन क्वीन’ सिनेमाच्या चित्रीकरणातून सुटले. कुणी म्हणतं, जिमी हेंड्रिक्सने कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडून दिली. दोन्ही गोष्टी ऐकायला झकास. पण दरम्यान असंख्य हौशी माणसं, पक्षी कुणाच्या तरी घरून उडालेला दिसतोय हे कळत असूनही, जागा आणि तारीख टिपून ठेवत होती. २०१९ मध्ये क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६८ ते २०१४ या काळातल्या पाच हजारांहून अधिक नोंदी नकाशावर मांडल्या आणि सराईत गुन्हेगाराचा ठावठिकाणा शोधायला पोलीस जी पद्धत वापरतात तीच त्यांना लावली. सिनेमा आणि हेंड्रिक्स, दोघेही निर्दोष सुटले! निरनिराळ्या वेळी, गावोगावी सुटलेले नाहीतर सोडलेले पाळीव पोपट, एवढाच साधा उलगडा निघाला. ब्रिटनमधली पहिली नोंद तर १८५५ ची आहे, नॉरफोकमधली. म्हणजे त्या सिनेमाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची. तेव्हा कुणी ‘पाळीव आहे, कशाला लिहा’ म्हटलं असतं तर?

आणि नोंदी ठेवण्याचा हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. स्पेनमध्ये सेव्हिलच्या एका बागेत याच पोपटांनी ढोल्यांसाठी मोठ्या वटवाघळांवर हल्ले केले, कित्येक मारली. परका पक्षी डोईजड झाल्यावर सगळेच त्याच्याकडे बघतात. तो दोन-चारच असतो तेव्हाची माहिती मात्र शोधूनही सापडत नाही. उलटंही घडतं. हाँगकाँगमध्ये पिंजऱ्यातून सुटलेल्या पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुव्यांची वस्ती आहे. त्यांच्या मूळ देशात, इंडोनेशियात, ते संपत आलेत आणि जगात उरलेल्यांपैकी सुमारे दहा टक्के या परक्या शहरात असल्याचं मानतात.

आपल्याकडे लक्ष ठेवायचं ते ‘क्वेकर’ नावाने विकल्या जाणाऱ्या हिरव्या-करड्या पोपटावर. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बाकीचे पोपट ढोलीच्या शोधात फिरतात. हा काटक्या जमवून स्वतःचं घरटं बांधतो. बार्सिलोनात आज ते हजारोंनी आहेत. चोचीत काटकी घेतलेला क्वेकर दिसला, तर वीण दाखवणाऱ्या ‘ब्रीडिंग कोड’सकट त्याच दिवशी नोंद कर.

आता लिहायचं कसं. आकड्याच्या जागी ‘एक्स’ टाकून मोकळी होऊ नकोस, संख्या लिही. शेऱ्यात डोळ्यांनी दिसलं तेवढंच : पायात कडं आहे का, पंख छाटलेले किंवा शेपूट झिजलेली आहे का, माणसाला बुजतो का, कोणाबरोबर होता, काय खात होता. ‘बहुधा जोशांकडचा’ असले अंदाज नकोत, आणि कुणाचं नाव-पत्ता तर मुळीच नको. सोसायटीत ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, त्यामुळे ॲपमध्ये नाव निवडताना वॉचमनचा शब्द प्रमाण मानू नकोस. गॅलरीतल्या पिंजऱ्यात ओरडणारा मोजायचा नाही, हेही आलंच. कॉकाटिलची नोंद मागची तारीख घालून अजूनही करता येईल.

असा सुटलेला पक्षी कावळ्यांच्या तावडीत सापडलेला दिसला, तर मात्र आधी त्याला वाचवायचं बघ. पिंजऱ्यात वाढलेल्याला बाहेर चारा शोधता येईलच असं नाही. मोबाइल खिशात ठेव, टॉवेल आण. नोंद रात्रीही होते.

कावळ्यावरून आठवलं. ‘हे बाहेरचे पक्षी’ म्हणून नाकं मुरडणाऱ्या तुझ्या ग्रुपला सांग की आपला गावकावळाही बाहेर गेला की असाच डोईजड होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचरा साफ करायला म्हणून त्याला झांझिबारला नेलं. तिथून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतका माजला की २०२४ मध्ये केनियाने दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली.

तळ्यावरच्या पांढऱ्या बदकांचं विचारलं होतंस. ती ‘मॅलार्ड (डोमेस्टिक टाइप)’ म्हणून टाक. नुसतं मॅलार्ड निवडलंस, तर हिवाळ्यात खरोखर पाहुणा आलेला मॅलार्ड त्यात हरवून जाईल. कबुतरांचंही तेच. इमारतीवरची ‘फेरल’, कड्यांवरची रानटी दिसणारी वेगळी, आणि फरक सांगता येत नसेल तर नुसतं ‘रॉक पिजन’ लिहून पुढे जा.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा